साडूंचं सुवर्ण खातं

माझ्या साडूंना जन्माला येण्याआधी कोणी विचारलं असतं, तर ते अजून आले नसते. "येतो, पण जरा विचार करून सांगतो," असं म्हणून ते वरच कुठेतरी थांबले असते आणि खाली जाऊन आलेल्या चार लोकांना गाठून, तिथलं पाणी कसं आहे, हवा मानवते का, नाही आवडलं तर परत येता येतं का, याची चौकशी करत बसले असते. सुदैवाने तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. लग्नाच्या वेळीही विचारलं नाही. त्यांच्या वडिलांनी परस्पर होकार कळवून टाकला, म्हणून माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, वेळेवर संसाराला लागली. पुढे काही वर्षांनी माझं लग्न त्याच घरात झालं, तेव्हा मी मुंडावळ्या बांधून बोहल्याकडे निघालो असताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं, "साडूभाऊ, नीट विचार केलाय ना?" मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हापासून आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणत आलो.

साडू नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला नट हातात घ्यायचा, मापायचा, उजेडाकडे धरायचा आणि तो पास की नापास हे ठरवायचं, हे त्यांचं काम. यात कारखान्याचं भलं झालं असेल, घरच्यांचे मात्र हाल होते. संध्याकाळी कंपनीची बस त्यांना दिंडोरी रोडवर आमच्या कॉलनीच्या कोपऱ्याला सोडायची आणि त्यांच्याबरोबर अख्खा तपासणी विभाग खाली उतरायचा. मिक्सर घ्यायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा त्यांनी आधी कॉलनीतल्या घराघरांत जाऊन तिथला मिक्सर चालवून पाहिला. त्यासाठी ते घरून भाजलेले शेंगदाणे घेऊन जात आणि झालेलं कूट डब्यात भरून परत आणत. अक्का सांगायची की त्या वर्षी घरात कूट एवढं झालं की मिक्सरची गरजच उरली नाही. द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगावच्या रस्त्याला हातगाड्या लागल्या की साडू पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत एकेक मणी चाखत जात, मग तुलना करायला पुन्हा पहिल्या गाडीपाशी येत आणि शेवटी म्हणत, "आता पोट भरलं. भरल्या पोटी चव कळत नाही. उद्या बघू." मिसळ खायला आम्ही बरोबर गेलो तर माझी मिसळ येऊन संपायची, पण त्यांचं 'तिखट की मध्यम' हे ठरलेलं नसायचं. वेटर येऊन फडकं मारून जायचा. मग ते माझ्याच ताटात उरलेल्या रश्शात पावाचा तुकडा बुडवून डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "हं. आता अंदाज आला. पुढच्या रविवारी मागवू." मी स्वतः दुकानदार जे पुढे सरकवील ते पिशवीत घालून आणणारा माणूस. त्यामुळे माझी बायको त्यांना फार मानते, आणि "दाजींसारखा जरा विचार करून आणत जा" हे वाक्य मी नासक्या टोमॅटोच्या साक्षीने आयुष्यभर ऐकत आलो आहे.

अशा या माणसाने जन्मात एकच वस्तू विचार न करता घेतली, ती म्हणजे गाडी. नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं असतील. दोघं देवळाली कॅम्पला कोणाकडे तरी सत्यनारायणाला गेले होते. परतताना एका बंगल्याच्या आवारात, आंब्याखाली, फिकट पिस्त्याच्या रंगाची एक म्हातारी गाडी उभी होती आणि तिच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी होती. अक्का चालता चालता म्हणाली, "रंग काय गोड आहे हो." एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. मागे वळून बघते तर नवरा बंगल्याची बेल वाजवत होता. जन्मभर नट उजेडाकडे धरणाऱ्या माणसाने त्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. संध्याकाळी गाडी आमच्या दारात. मी विचारलं, "साडूभाऊ, हे कसं काय झालं?" तर थोडे लाजले आणि म्हणाले, "ती कधी काही मागतच नाही हो." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघांपैकी कोणी कधी बोलत नसे, पण त्या दिवशी गाडीला हार घालताना अक्काने तिच्या दिव्यांना काजळाचं बोट लावलं, ते मी पाहिलं होतं.

गाडीचा स्वभाव मनमिळाऊ होता. नाशिक जिल्ह्यातलं कुठलंही गाव तिला परकं नव्हतं आणि कुठल्याही गावात मुक्काम करायची तिची तयारी असे. ओझर, घोटी, सिन्नर, निफाड, सगळीकडे ती मनसोक्त बंद पडली. द्वारका चौकाजवळ त्यांचा एक ठरलेला मिस्तरी होता, मूळचा मालेगावचा. तो म्हणायचा, "साहेब, या गाडीत दोष काहीच नाय. फक्त चालायचा कंटाळा हाय तिला." जिथे बंद पडेल तिथल्या ओट्यावर साडू आणि अक्का बसत, चहा होई, ओळख निघे. घोटीच्या एका घरातून तर त्यांना दरवर्षी इंद्रायणी तांदूळ यायचा, केवळ त्यांच्या दारात गाडीने दोन वेळा जीव टाकला म्हणून. या सगळ्याचं अक्काला काही वाटत नसे. बारशाचा दिवस येईपर्यंत.

मनमाडला आमचा मेहुणा असतो, म्हणजे अक्काचा आणि माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. रेल्वेत गार्ड. त्याला मुलगा झाला. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं आणि ती वाकलेली असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत यथेच्छ धपाटे घालायचे, असा तो सोहळा. आत्या दोन असल्या तर मान थोरलीचा. अक्काने नाव कधीचं ठरवून ठेवलं होतं आणि ते कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही, कारण तो त्यावर विचार करत बसला असता. मी आणि माझी बायको आदल्या दिवशी एस.टी.ने गेलो आणि हे दोघं सकाळी गाडीने निघाले. वडाळीभोईला गाडी बसली. इकडे मेहुण्याची दुपारी ड्यूटी, आणि मालगाडी काही कोणाच्या बारशासाठी थांबत नाही. वाट पाहून पाहून शेवटी बायकांनी माझ्या बायकोला पाळण्याकडे ढकललं. ती इतकी गोंधळली की तिला एकही नाव आठवेना. तेवढ्यात शेजारच्या घरातून कोणीतरी "स्वप्नील, जेवायला ये रे," अशी हाक मारली आणि हिने बाळाच्या कानात तेच सांगून टाकलं. अक्का पोचली तेव्हा लोक घुगऱ्या खात होते. तिने पाळण्यात वाकून पाहिलं, नाव विचारलं, ऐकलं, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या मनात 'मुकुंद' होतं. आजही त्या मुलाला मनमाडात सगळे स्वप्नील म्हणतात, अक्का मात्र मुकुंद म्हणायची, आणि गुणी पोरगा दोन्ही हाकांना ओ द्यायचा. परतीच्या वेळी ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

आणि तिने खरोखर ठेवला नाही. पुढची सहा-सात वर्षं कुठेही जायचं झालं की अक्का एस.टी.ने जायची आणि साडू गाडी घेऊन बसच्या मागे मागे. लासलगावला तिच्या मावसबहिणीकडे जाताना मी एकदा हा देखावा गाडीत बसून पाहिला आहे. निफाडला बस थांबली की साडू गाडी कडेला लावून धावत जायचे आणि बसच्या खिडकीतून अक्काला चहाचा ग्लास द्यायचे. ती प्यायची, ग्लास परत द्यायची, कंडक्टर घंटी मारायचा, की हे पुन्हा धावत गाडीकडे. अक्का एवढीच सवलत द्यायची की तिची पिशवी गाडीतून जायची. निळ्या कापडाची, जाड बंदांची पिशवी. साडू ती पुढच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी, नीट उभी ठेवायचे, पडू नये म्हणून तिला एका बाजूने टॉवेलचा टेकू द्यायचे. त्या दिवशी मी पुढचं दार उघडून बसायला गेलो, तर ते म्हणाले, "साडूभाऊ, जरा मागे बसता का?" मी मागे बसलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आपण पिशवीपेक्षा खालच्या दर्जाचे, हे रस्ताभर मनात घोळत राहिलं.

दोन हजार साल उलटल्यावर नाशकात नव्या नव्या बँका आल्या. काचेची दारं, आत गारेगार हवा आणि टाय लावलेली पोरं, जी माणूस आत शिरला की उभी राहायची. आपल्याला बघून बँकेतलं कोणी उभं राहतं, याचीच आम्हाला धास्ती वाटे. असाच एक टायवाला कारखान्याच्या गेटवर आला आणि साडूंना म्हणाला की आमच्याकडे सुवर्ण खातं आहे. दरवर्षी ठराविक फी भरायची की खात्याबरोबर बरंच काही मिळतं. अपघाती विमा, लॉकरवर सूट, विमानतळावर बसायला खास खोली, आणि गाडी वाटेत बंद पडली तर एक फोन करायचा, मदतीला माणूस येतो, नाहीच दुरुस्त झाली तर गाडी उचलून नेतात. साडूंनी बाकीचं ऐकलंच नाही. नेमका त्याच सुमारास मनमाडहून मेहुणा आला होता. त्याच्या घरी पुन्हा पाळणा हलणार होता आणि तो अक्काला म्हणाला, "या खेपेला नाव तूच ठेवायचंस, अक्का." अक्का उठून चहा टाकायला गेली. पण त्या दिवसापासून ती कामं करता करता ओठ हलवायला लागली, आणि नावं घोळवतेय हे आम्हाला कळत होतं. साडूंनी तिला खात्याचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरंच पाठवत असतील कोणी, तर बघू."

साडूंना एवढं पुरे होतं. आता प्रश्न एकच उरला, बँक खरंच कोणी पाठवते का. आणि तपासणी विभाग कामाला लागला. बँकेत ते मला बरोबर घेऊन गेले. टायवाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. साडूंनी विचारलं, "समजा, चांदवडच्या घाटात बंद पडली तर?"

"येईल ना सर माणूस."

"अमावास्या असली तर?"

"सर, सर्व्हिस चोवीस तास आहे."

"तो जेवायला बसला असला तर?"

"दुसरा येईल, सर."

"आणि त्या दुसऱ्याची गाडी वाटेत बंद पडली तर?"

पोरगा टायची गाठ सैल करत म्हणाला, "सर, असं कोणी अजून विचारलं नव्हतं." साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, लोक कसे विचार न करता पैसे भरतात. मग त्यांनी एकेक जिन्नस तपासायला घेतला. विम्याचा उपयोग व्हायला आधी मरावं लागतं, ते अक्काला चालणार नाही. लॉकरमध्ये ठेवायला काय, तर शेंगदाण्याचं कूट. विमानतळावरच्या खोलीत बसायला आधी मुंबईला जावं लागेल, आणि वाटेत कसारा घाट आहे. "यातलं फक्त गाडीचं द्या," ते म्हणाले. पोरगा म्हणाला, "पॅकेज आहे सर, सुटं मिळत नाही." साडूंना ते पटलं. खाणावळीत नुसतं भरीत हवं असलं तरी थाळीच घ्यावी लागते, हे त्यांना माहीत होतं. तरी ठरेना. त्यांनी चांदवडपर्यंत जाऊन रस्त्यावरचे फोनचे बूथ चालू आहेत का ते पाहिलं. द्वारकेच्या मिस्तरीला विचारलं, तर तो स्पॅनर खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही घ्या, साहेब. पण बँकेला आधी गाडी दाखवू नका." आठवड्यांमागून आठवडे गेले. पोटातलं बाळ मात्र विचार करत बसलं नाही. मुलगी झाली, सव्वा महिन्यानंतरचा बारशाचा दिवस ठरला, आणि साडूंनी त्याच दुपारी डोळे मिटून सही केली.

सही झाल्यावर त्यांना आतली एक अट कळली. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी बंद पडली तर मदत मिळणार नाही. साडू म्हणाले, "रास्त आहे. तेवढं माणूस चालतो." त्यांचा बेत असा होता की बारशाआधी एकदा गाडी लांब कुठेतरी बंद पडू द्यायची, माणूस येतो की नाही ते डोळ्यांनी पाहायचं आणि मगच अक्काला बसवायचं. खोटा फोन करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून आम्ही दर रविवारी गाडी बंद पाडायला निघायचो. त्र्यंबकला गेलो, सिन्नरला गेलो, पेठ रोडने सावळ घाट चढून उतरलो. गाडी एखाद्या नव्या नवरीसारखी शहाणपणाने वागत होती. घाटमाथ्यावर साडू तिच्या बॉनेटवर हात ठेवून आर्जवं करत, "अगं, आता नाही तर कधी?" आणि परत आलो की ती बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नळावर कळशी घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर, आचका देऊन बंद पडायची. दोन किलोमीटरच्या आत!

बारशाच्या आधीच्या रविवारी असंच झालं आणि साडूंचा धीर सुटला. त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, गाडी बंद पडलीये हे खरं आहे ना?" खरं होतं. "मग ती दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, तर तिथे ती बंदच असेल ना?" तेही खरंच होतं. म्हणून आम्ही दोघं आणि कॉलनीतले तीन निवृत्त गृहस्थ मिळून ती गाडी म्हसरूळच्या दिशेने ढकलायला लागलो. साडू दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग धरून चालत होते. वाटेत भेटेल तो माणूस मदतीला येई आणि विचारी, "गॅरेज तर मागं राहिलं, कुठं नेताय?" साडू खरं तेच सांगायचे, "पुढे नेतोय. तिथून उचलून परत आणणार आहेत." ऐकून माणसं एकमेकांकडे बघत, पण ढकलायचं थांबत नसत. नाशिकचा माणूस बंद गाडीला हात लावतोच, कारणाची त्याला गरज नसते. मेरी संस्थेचं फाटक मागे पडलं. हद्द दिसायला लागली. तेवढ्यात उतार आला, साडू उडी मारून आत बसले, आणि मागून ढकलणाऱ्या एका रिक्षावाल्याला वाटलं आपली विद्या दाखवावी. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "सेकंड टाका, क्लच सोडा!" इतक्या वर्षांची सवय. साडूंनी सेकंड टाकला, क्लच सोडला, आणि गाडी धडधडत चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाला चहा घेतल्याशिवाय जाईना.

साडू चालू गाडी घेऊन घरी आले तेव्हा कोणाच्या तरी दहाव्याला जाऊन आल्यासारखं तोंड झालं होतं. अक्का फाटकात उभी. तिने विचारलं, "चालू झाली वाटतं?" "हो ना," असं म्हणून ते मटकन पायरीवर बसले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. अक्का आधी गंभीरपणे ऐकत होती. मग पदराचा बोळा तोंडाला लावला. मग फाटकाला धरून अशी हसत सुटली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत गाडीवरून ती पहिल्यांदा हसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "येते मी गाडीतून." साडू म्हणाले, "अगं पण अजून तपासलेलं नाही, माणूस येतो की—" "न येऊ दे," ती म्हणाली.

बारशाच्या दिवशी भल्या सकाळी आम्ही चौघं निघालो. अक्का पुढे, नवी हिरवी साडी नेसून, निळी पिशवी मांडीवर घेऊन. मी आणि माझी बायको मागे. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, वडाळीभोई आलं तेव्हा गाडीत कोणी श्वास घेतला नाही, तेही गेलं. चांदवडहून मनमाडच्या रस्त्याला लागलो आणि दुगावच्या जवळ गाडीने तो ओळखीचा आचका दिला. मी अक्काकडे बघायचं टाळलं. साडू खाली उतरले, दोन किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे आलो आहोत याची त्यांना खात्री पटली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. फाट्यावरच्या बूथवरून त्यांनी फोन लावला. पलीकडे दिल्लीची कोणी मुलगी होती. तिने आसपासची खूण विचारली, तेव्हा साडू चहूकडे बघून म्हणाले, "इधर सब कांदाच है, बहेनजी." मदत मालेगावहून निघणार होती, वेळ लागणार होता, आणि खातेदाराने गाडीपाशीच थांबायचं होतं.

तेवढ्यात कांद्याच्या गोण्या भरलेला एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या शेतकऱ्याने आपण होऊन थांबवला. "मनमाडलाच चाललोय, मावशी. बसा गोणीवर. साडी लय चांगली हाय, पण काय करता? आन् पाव्हणं नाय येत?" साडू म्हणाले, "मला थांबावं लागेल. नियम आहे." मग अक्काला म्हणाले, "तू हो पुढे. माझी वाट बघू नकोस. कानात नाव सांगून मोकळी हो, ते महत्त्वाचं." त्यांनी तिला हात देऊन ट्रॉलीत चढवलं, पिशवी वर दिली. मागोमाग मी आणि माझी बायकोही चढलो. ट्रॅक्टर निघाला. अक्का गोणीवर पाठमोरी बसून, वळण येईपर्यंत त्या पिस्ता गाडीकडे आणि तिच्या शेजारी ताठ उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत राहिली.

मनमाडला आम्ही वेळेच्या खूप आधी पोचलो. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, मेहुण्याने रजा काढली होती. वेळ झाली. अक्का पाळण्यापाशी बसली आणि म्हणाली, "थांबा जरा. ते येऊ देत."

मेहुणा म्हणाला, "अक्का, दाजी कधी येतील याचा काय नेम?"

"बँक पाठवणार आहे," अक्का म्हणाली. ज्या बँकेची ती पायरीही चढली नव्हती, तिच्याबद्दल ती आता माहेरच्या माणसासारखी बोलत होती. दुपार टळली. बाळ झोपलं, उठलं, प्यालं, पुन्हा झोपलं. घुगऱ्या गार झाल्या. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माझी बायको जवळ जाऊन म्हणाली, "अक्का, उरकून घे ना गं. या खेपेला तरी." अक्का तिचा हात धरून म्हणाली, "मागच्या वेळी कोणी थांबलं नव्हतं. तेव्हा आत काय होतं ते मला माहिती आहे. त्यांना तसं व्हायला नको." माझी बायको रडायला लागली आणि तिथेच तिच्याजवळ बसली.

दिवेलागणीला गल्लीत पोरांचा कल्लोळ झाला. डोक्यावर पिवळा दिवा गरागरा फिरवत एक मोठा थोरला ट्रक आला. त्याच्या मागे, पुढची दोन चाकं उचलून, आमची गाडी. आणि ड्रायव्हरच्या शेजारी, घोड्यावरच्या नवरदेवाच्या ऐटीत, साडू. खाली उतरताच ते कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ पाळण्यापाशी आले आणि म्हणाले, "आला! बघ, खरंच माणूस पाठवला!" अक्का म्हणाली, "पाठवला ना? मग बसा आता." आणि ती पाळण्यात वाकली. बायकांचा दिवसभराचा खोळंबा तिच्या पाठीवर निघाला. इतके धपाटे खाऊन इतकं हसणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. मुलीचं नाव गौतमी. अक्काने मान वर करून नवऱ्याला विचारलं, "कसं आहे?" बायका पुन्हा भिंतीला टेकून बसल्या, कारण आता विचार सुरू होणार. साडू लगेच म्हणाले, "छान आहे."

ते खातं घेणं परवडलं की नाही, हे मी त्यांना नंतर अनेकदा विचारलं. ते म्हणायचे, "एका अनुभवावरून कसं सांगणार, साडूभाऊ?" आणि वर्षाची फी भरून टाकायचे. अक्का पुढे त्यांच्या शेजारी बसून पुष्कळ ठिकाणी बंद पडली. घोटीला, सिन्नरला, लासलगावच्या मार्केटच्या दारात. मदतीचा माणूस यायचा, पण तोवर दोघांचा कोणाच्या तरी ओट्यावर चहा झालेला असायचा. मग गाडी थकली आणि अंगणात शेवग्याखाली कायमची उभी राहिली. मग अक्का थकली. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. गौतमी तेव्हा मनमाडहून आली होती आणि साडूंच्या जवळून हलली नव्हती.

बँकेतून अजूनही दरवर्षी फोन येतो. आता टायवाला दुसरा आहे. तो म्हणतो, "सर, तुमची गाडी तर चालत नाही, मग हे खातं साधं करून टाकू या का?" साडू म्हणतात, "विचार करून सांगतो." आणि फी भरतात. परवा संध्याकाळी मी गेलो तर घरात कोणी नव्हतं. साडू अंगणात, गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मला बरं वाटलं, म्हटलं आपणही जरा बसू, आणि मी पुढचं दार उघडलं. सीटवर निळी पिशवी होती, टॉवेलचा टेकू देऊन नीट उभी ठेवलेली.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "जरा मागे बसता का?"

मी मागे बसलो.